मेजर आजोबांचा कोट मला २८ हजारांना पडला

जुन्या फौजी वर्दीचा नाद असणाऱ्यांनी वाचा, बाकीच्यांनी हसायला वाचलं तरी चालेल.

मी संभाजीनगरचा, छावणीच्या आठवडी बाजारात लहानपणापासून फिरतो, बटणं बिल्ले बेल्ट असलं बारीकसारीक दहा-बारा वर्षं गोळा करतोय. दिवाळीच्या आधी एका ओळखीच्यानं नंबर दिला, जालन्याकडचं घर, आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत मेजर, १९४४ ला इटलीत लढलेले, कोट विकायचाय. इटली म्हणलं की मला त्याच पलटणीतले यशवंत घाडगे आठवतात, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, तेच साल. अर्धा तिथंच गेलो.

माणूस लई गोड. चहा झाला, भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, "दादा, आईचं ऑपरेशन नसतं तर हात लावू दिला नसता", डोळ्यात पाणी. वर अँटिकचं सर्टिफिकेट, लॅमिनेट केलेलं! अरे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात असल्या वस्तूला अँटिक ठरायला १०० वर्षं भरावी लागतात, मला माहीत होतं, तरी गप बसलो. ४० चे २८ केले अन् तिथंच फोनवरून टाकले, वर आईची तब्येत पण विचारून आलो.

घरी बायको म्हणली, "अहो, ह्याला डांबर गोळ्यांचा वास कालच ठेवल्यासारखा येतोय." मग उजेडात धरला. कसर लागल्याची भोकं होती ना, ज्याच्यावर मी खूश झालतो, ती सगळी एका मापाची गोल. लोकरीला कसर लागली की कडा मऊ राहतात, वेड्यावाकड्या असतात, इथं कडा कडक, नखाला टोचायल्या. उदबत्तीनं पाडलेली! गुलमंडीच्या टेलरमामांनी आतल्या शिवणीतून कापडाचा एक धागा ओढला, काडी लावली, धाग्याचा काळा मणी झाला. "भाऊ, लोकर जळली की केस जळल्यावानी वास येतो. हे पॉलिस्टर हाय."

अन् खांद्यावरचा मुकुट. इंग्रजांच्या काळात मेजरच्या हुद्द्याची खूण म्हणून एकच मुकुट असायचा, राजाच्या काळातल्याच्या कमानी वर गोल फुगीर, राणीच्या मुकुटाच्या मधोमध दबलेल्या. माझ्या कोटावर दबलेली. एलिझाबेथ राणी झाली १९५२ ला, आपल्याकडं तर १९५० लाच मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, मग हा मेजर १९४४ ला राणीचा मुकुट लावून कुठं हिंडत होता? हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवतो हो. त्या दिवशी कोट बघितलाच नाही, फोटोच बघत बसलो. तुम्ही खिशात काडीपेटी अन् भिंग घेऊन जा, धागा ओढू देत नसेल तर चहा पिऊन सरळ उठा.

त्याचा फोन तेव्हापासून बंद. परवा लातूरच्या एका मित्रानं फोटो पाठवला, "घेऊ का?" म्हणून. तोच हार, तेच आजोबा, आता बर्मात लढलेले कॅप्टन. भाव ३५ हजार.