क्लास ए की क्लास बी? अमेरिकेत मोठ्या गाडीचं लायसन्स काढण्याआधी

अमेरिकेत ट्रक किंवा बस चालवायचं मनावर घेतलं की माणूस आधी शाळांच्या फिया बघायला लागतो. खरं तर आधी ठरवायचं असतं ते मागे ट्रेलर ओढायचा की नाही, हे. सीडीएल, म्हणजे व्यावसायिक गाडीचं लायसन्स; त्याच्या ए आणि बी वर्गांमधला जवळपास सगळा फरक ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि ट्रेलर जिथे जोडले जातात त्या सांध्यातून येतो.

वजनाची रेषा दोन्हींना एकच आहे: 26,001 पौंड, म्हणजे साधारण 11.8 टन. एकसंध गाडी तेवढी किंवा त्याहून जड असेल तर क्लास बी. डंपर, काँक्रीट मिक्सर, कचऱ्याचा ट्रक, मोठी बस ही सगळी यातली. गाडी आणि ट्रेलर मिळून तेवढं वजन भरत असेल आणि त्यात ट्रेलर एकटाच 10,000 पौंडांच्या वर असेल, तर क्लास ए. हे वजन कंपनीने ठरवून दिलेल्या क्षमतेवरून धरतात, त्यामुळे 'गाडी रिकामी होती' ही सबब चालत नाही. घरसामान हलवायला भाड्याने मिळणारे मोठे ट्रक बऱ्याचदा 26,000 च्या आत बसवलेले असतात ते याचसाठी. त्यांना सीडीएल लागतच नाही. उलट दणकट पिकअपला जड ट्रेलर लावला, तर ती जोडी ए मध्ये जाऊ शकते.

सारखं काय ते पटकन सांगतो. मेडिकल एकच: प्रत्येक डोळ्याची नजर सहसा 20/40 हवी (चष्म्यासह चालते), रक्तदाबाकडे बारीक लक्ष असतं आणि कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं. लेखी परीक्षेत 80 टक्के. शिकाऊ परमिट हातात आल्यावर किमान 14 दिवस थांबल्याशिवाय गाडीवरची परीक्षा देता येत नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून पहिल्यांदा ए किंवा बी काढणाऱ्याला सरकारी नोंदणीतल्या शाळेकडूनच शिकावं लागतं. किती तास, हे केंद्राच्या नियमात नाही. तुम्हाला जमलं की नाही हे शिक्षक ठरवतो. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी या कामात तो चालत नाही.

आता परीक्षा. तिचे तीन टप्पे असतात: गाडीची तपासणी, मैदानातली कसरत आणि रस्ता. क्रम ठरलेला आहे. एका टप्प्यात नापास झालात की त्या दिवशी पुढचा टप्पा नाही. बरेच जण रिव्हर्सची धास्ती घेतात आणि गळपटतात मात्र तपासणीत, कारण ती तोंडी असते: एकेका भागाला हात लावून तो काय आहे आणि त्यात काय बघायचं, हे इंग्रजीत सांगत जायचं. दुभाषी चालत नाही.

इथे बी वाल्याचं पाठांतर बरंच कमी असतं. ए वाल्याला त्यावर फिफ्थ व्हील (ट्रेलर टेकतो आणि अडकतो ती ट्रॅक्टरवरची तबकडी), किंगपिन (ट्रेलरखालचा खुंटा), त्याला पकडणारा जबडा, हवेच्या नळ्या, ट्रेलरचे पाय, सगळं वाढीव. एअर ब्रेकची (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची) चाचणी दोघांना आहे, पण आकडे वेगळे. इंजिन बंद करून पायाचा ब्रेक मिनिटभर दाबून धरला, तर एकसंध गाडीत हवेचा दाब 3 पीएसआयपेक्षा (दाबाचं माप) जास्त उतरता कामा नये आणि जोडगाडीत 4 पेक्षा. हे आकडे घोकूनच जा. लेखीतही ए ला जोडगाडीचा एक पेपर जास्त असतो.

मैदानात तर जमीन-अस्मानाचा फरक. बी ची गाडी मागे घेणं म्हणजे मोठी कार मागे घेणं. आरसे आणि धीर असला की जमतं. ए मध्ये मात्र ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं आणि ते वळायला लागलं की लगेच त्याच्या मागे जावं लागतं, नाहीतर गाडी मधेच दुमडते. हे डोक्याला पटतं, पण हाताला पटायला आठवडे लागतात. ए चे कोर्स लांब आणि महाग असतात त्यामागचं मोठं कारण हेच.

मग बी स्वस्तात काढून नंतर ए वर जावं का? मला हा हिशेब फारसा पटत नाही. बी वरून ए करायला शिक्षण पुन्हा, गाडीवरची परीक्षा पुन्हा. वर्षभरात ट्रेलरकडे वळायचा विचार असेल तर सरळ ए काढा. ए वाला बी ची गाडीही चालवू शकतो. पण स्कूल बस किंवा शहरातला कचऱ्याचा ट्रक हेच डोळ्यासमोर असेल, तर ए साठी घाम गाळण्यात अर्थ नाही. बसला लागतात ते पी (प्रवासी) आणि एस (स्कूल बस) हे जादा परवानगीचे शेरे, आणि त्यांची परीक्षा तशाच बसवर द्यावी लागते.

पैशाचं गणितही इथेच फिरतं. लांब पल्ल्याच्या काही कंपन्या ए चं शिक्षण स्वतःच्या खर्चाने देतात, त्या बदल्यात ठरावीक काळ नोकरीत बांधून घेतात. तो काळ बहुधा घरापासून लांबच जातो. शाळांच्या बसेसकडे चालक कमी असतात, त्यामुळे तिथे बी शिकवून घेणारेही भेटतात, आणि रात्री घरी येता येतं.

वय 18 ते 20 असेल तर आणखी एक गोष्ट बघा. 21 पूर्ण होईपर्यंत राज्याबाहेरचं काम सहसा करता येत नाही, आणि माल दुसऱ्या राज्यातून आलेला असेल तर तुम्ही सीमा ओलांडली नाही तरी ती फेरी आंतरराज्यच धरतात. या वयात बी ची स्थानिक कामं जास्त हाती लागतात. इंग्रजी कच्चं असेल तर ए जास्त अंगावर येतो: 25 जून 2025 पासून आंतरराज्य चालकाला रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी जमलं नाही, तर गाडी चालवण्यापासून तिथल्या तिथे थांबवतात.

फी भरण्याआधी शाळेला एक विचाराच: परीक्षा कोणत्या गाडीवर? ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्सवर 'ई' बसतो आणि गिअरवाली मोठी गाडी बंद. हवा आणि हायड्रॉलिक मिळून ब्रेक असलेल्या गाडीवर दिलीत तर 'झेड', म्हणजे पूर्ण एअर ब्रेकची गाडी बंद. ए साठी फिफ्थ व्हीलऐवजी हुकवाला ट्रेलर वापरला तर 'ओ', म्हणजे लायसन्स ए चं, पण नेहमीचा ट्रॅक्टर-ट्रेलर चालवता येत नाही. हे बंधनाचे शेरे पुसून टाकायला योग्य गाडी घेऊन पुन्हा परीक्षकासमोर उभं राहावं लागतं.