ठाणे खाडीच्या वर्गीकरणासाठी ‘प्रोटेजे’: कामाचं, पण नातं नीट निवडा

ऐरोलीच्या कांदळवनापासून ६,५२१ हेक्टरच्या रामसर क्षेत्रापर्यंत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) सगळं एकाच मांडणीत बसवायचं, तर संज्ञा आणि त्यांची नाती मांडायचं ‘प्रोटेजे’ हे स्टॅनफर्डचं मोफत सॉफ्टवेअर उत्तम. संज्ञा नव्याने घडवत बसू नका, आधी ‘एन्व्हो’ हा पर्यावरणाच्या संज्ञांचा तयार संच आयात करा. कांदळवन, चिखलपट्टा तिथे आहेतच.

खरी गफलत नात्यात होते. चिखलपट्टा खाडीचा उपवर्ग म्हणून टाकला, की तर्कयंत्र (लिहिलेल्या नात्यांवरून निष्कर्ष काढणारा भाग) प्रत्येक चिखलपट्ट्याला खाडीच ठरवतं! इथे ‘चा भाग’ हवं. हे नातं संक्रामक आहे, म्हणजे साखळीने पुढे जातं, म्हणून तिवरांचा पुंजका चिखलपट्ट्याचा आणि चिखलपट्टा खाडीचा भाग एवढंच लिहा. पुंजका खाडीचा भाग हे यंत्र स्वतः काढतं. भरतीत बुडणारं खाजण जमिनीतही घातलं, पाण्यातही, आणि ते दोन वर्ग परस्परवर्ज्य ठेवले, तर खाजणाचं नाव लाल होतं, म्हणजे असं काही असूच शकत नाही असं यंत्र सांगतं.

मोठ्या फाइलवर ‘हर्मिट’ हे तर्कयंत्र रखडतं. ‘एल्क’ हे दुसरं तर्कयंत्र झपाट्याने चालतं, पण ‘फक्त’वाल्या अटी (‘फक्त अमक्याशीच हे नातं’ अशा) सोडून देतं.