केबिन ट्रॉली आणि तिच्यातला संसार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विमानात या बॅगेबद्दल एकही तक्रार नाही. तक्रारी आहेत त्या सगळ्या ठाणे स्टेशनच्या पुलावरच्या.

चार चाकांची, कडक पॉलिकार्बोनेट कवचाची, ‘केबिन साइज’ म्हणून विकली जाणारी ट्रॉली. वापर आठ महिने, 26 उड्डाणं, मध्ये अख्खा पावसाळा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक ट्रॉल्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने हेच असतात. शिवाय बॅग एकटी प्रवास करत नाही. उशी, कानातले बोळे, पाण्याची बाटली, पॉवर बँक यांचा अनुभवही याच हिशेबात धरला आहे.

आधी वजन, कारण बाकी सगळी गणितं तिथूनच बिघडतात. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातल्या सामानाला साधारण 7 किलोची मर्यादा असते. ही बॅग रिकामी 2.8 किलो भरते, म्हणजे हातात उरले 4.2. चार्जरसकट लॅपटॉप त्यात टाकला की दोन किलो तिथेच संपतात. म्हणून लॅपटॉप खांद्यावरच्या वेगळ्या पिशवीत. एका केबिन बॅगेबरोबर लॅपटॉपची पिशवी किंवा पर्स चालते. जीन्स आणि जड बूट अंगावर, हलके कपडे बॅगेत. घरातल्या साध्या वजनकाट्यावरही काम होतं: बॅग घेऊन उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. पण त्या काट्यावर अर्धा किलो इकडेतिकडे होतो, त्यामुळे 6.5 वर थांबलेलं बरं. हूकचा छोटा डिजिटल काटा जास्त भरवशाचा. बॅग त्याला लटकवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवायचा नाही.

मापाची गोम वेगळीच. लेबलवर उंची 55 सेंटिमीटर लिहिलेली, चाकांसकट टेप लावली तर 57. बरेच उत्पादक फक्त कवचाचं माप छापतात. विमान कंपनी चाकं आणि मूठ धरून मोजते. जाडीतही सारखेपणा नाही, एका कंपनीला 25 सेंटिमीटर चालतात, दुसरीला 20. कडक बॅगेला पोट आत घेता येत नाही. पुढे लॅपटॉपचा कप्पा असलेलं मॉडेल तर भरल्यावर हमखास फुगतं, आणि मापाच्या चौकटीत तिथेच अडतं.

आता चाकं. टर्मिनलच्या गुळगुळीत फरशीवर बॅग बोटाने ढकलली तरी शेजारून चालते, मन प्रसन्न होतं. ठाण्यात फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकवर हेच सुख संपतं. छोटी चाकं ब्लॉकमधल्या फटींत अडकतात, बॅग आडवी वळते, आणि सगळा ताण चाकाच्या घरावर, म्हणजे चाक ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसतं तिच्यावर येतो. अशा रस्त्यावर चारही चाकांवर ढकलायची नाही. तिरकी करून मागच्या दोन चाकांवर ओढायची. पाचव्या महिन्यात एक चाक जड फिरू लागलं. उलटी करून पाहिलं तर आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले. चिमटा आणि नखं कापायच्या कात्रीने दहा मिनिटांत निघाले, वर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. पावसाळ्यात हे काम दर महिन्याला करावं, कारण चिखल आत गेला की बेअरिंग गंजतं.

दांडा अजून सरळ आहे. मात्र पूर्ण वर ओढून, त्यावर दुसरी पिशवी अडकवून जिना चढलात तर तो खुळखुळा व्हायला वेळ लागत नाही. जिन्यावर बाजूची मूठ धरायची. बॅग घेताना बाजूला मूठ आहे का हे बघणारे फार कमी, आणि रेल्वेच्या पुलांवर सगळ्यात जास्त लागते तीच.

पावसाने दाखवून दिलं की कवच पाणी अडवतं, चेन अडवत नाही. विमानापर्यंत बसने जाताना, किंवा बॅग शेवटच्या क्षणी विमानाच्या पोटात टाकायला घेतली आणि ती विमानाशेजारी पावसात उभी राहिली, तर चेनच्या दातांतून ओल आत शिरते. उपाय स्वस्त आहे: दोन्ही बाजूंना मोठी प्लॅस्टिकची पिशवी अंथरून तिच्यात कपडे, तोंड दुमडून आत. घरी आल्यावर बॅग उघडी टाकून पंख्याखाली एक रात्र, नाहीतर अस्तराला कुबट वास धरतो. चेन अडखळू लागली तर रनर जोराने ओढू नये. दातांवर मेणबत्ती घासली की सरळ चालते. आणि नंबरच्या कुलपावर फार विसंबू नका. साध्या गुंडाळी दातांची चेन बॉलपेनच्या टोकाने उघडते आणि रनर फिरवला की पुन्हा बंदही होते. बॅग हातातून सोडावी लागली तर दागिने, औषधं, कागदपत्रं त्यात नकोतच.

इथेच या आठ महिन्यांत जमलेली सगळ्यात उपयोगी सवय सांगतो: एक वेगळं पाउच. पुस्तकाएवढं, चेनचं, बॅगेत सगळ्यात वर. त्यात पॉवर बँक, औषधं, चष्मा, ओळखपत्र, चार्जर, कानातले बोळे. छोट्या मार्गांवर एटीआर 72 जातीचं पंख्याचं विमान असतं. त्यातले डोक्यावरचे कप्पे इतके लहान की ट्रॉली दारातच काढून घेतात आणि टॅग लावून खाली टाकतात. भरलेल्या एअरबसमध्ये शेवटी चढणाऱ्यांवरही हीच वेळ येते. त्या क्षणी रांग अडवून बॅग उलटीपालटी करण्यापेक्षा पाउच उचललं की काम झालं. पॉवर बँक तर काढावीच लागते. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, विमानाच्या पोटातल्या सामानापर्यंत कुणाला पोचता येत नाही. मर्यादा वॉट-तासांत मोजतात: 100 पर्यंत परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला विमान कंपनीची संमती हवी, त्यापुढे नाहीच. हिशेब सोपा आहे. 20000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले 1000, म्हणजे 74. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडकू शकते, त्यामुळे त्यावरचं लेबल सोलू नका. काही कंपन्या विमानात ती वापरूच देत नाहीत. फोन गेटवरच भरून घ्यावा.

मानेची उशी. यू आकाराची, मेमरी फोमची. जाहिरातीत दाखवतात तशी घातली तर ती झोप मोडते, कारण सीटचा वरचा भाग आधीच पुढे आलेला असतो आणि मागची जाड फोम डोकं आणखी पुढे ढकलते. उलटी घाला, उघडं तोंड मानेमागे आणि जाड भाग हनुवटीखाली. डोकं पुढे पडायचं थांबतं. हवा भरायची उशी वजनाला हलकी, पण तिला जमिनीवर गच्च फुगवू नये. उंचीवर केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, तेवढी उशी आपोआप ताठ होते. पाऊण भरलेली बरोबर बसते. खरं सांगायचं तर मुंबई–बेंगळुरूसारख्या पावणेदोन तासांच्या प्रवासाला दोन्ही उश्यांची गरज नाही, सुती शाल गुंडाळून खिडकीला टेकली की भागतं. चार तासांच्या पुढे मात्र उशी आपली जागा वसूल करते.

त्याच दाबामुळे स्ट्रॉच्या बाटलीची फजिती होते. जमिनीवर बंद केलेल्या बाटलीत हवा जुन्या दाबाचीच राहते. वर जाऊन झाकण खटकन उघडलं की पाणी स्ट्रॉमधून थेट शर्टावर. आधी मोठं झाकण थोडं सैल करून हवा सोडायची, मग स्ट्रॉ. चिवड्याचं सीलबंद पाकीटही याच कारणाने टम्म फुगतं. घरून न्यायचं तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी. वास कमी, सांडत नाही. लोणचं खाली द्यायच्या सामानात, दुहेरी पिशवीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र तिथेही घालू नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत मोडतं आणि बॅग उघडायला लावतात. गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या घरांत ही गोष्ट अजून पुरेशी माहीत नाही.

कानांसाठी फोमचे बोळे, पंधरा-वीस रुपयांची जोडी, महागड्या हेडफोनच्या निम्मं काम करते. अट एकच, नीट घालायचे. बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिनाची घरघर छान गिळतो, पण मागच्या सीटवरच्या गप्पा आणि बाळाचं रडणं त्यातूनही येतंच. दोन्ही एकत्र वापरले तर शांतता जवळपास घरासारखी. उतरायच्या आधी अर्धा तास बोळे काढून ठेवा. वर चढताना कानातली जादा हवा आपणहून बाहेर पडते. उतरताना ती आत घ्यावी लागते आणि कानापासून घशाकडे जाणारी नळी चिकटलेली राहते, म्हणून ठणका उतरतानाच लागतो. लिमलेटची गोळी चघळणं, आवंढा गिळणं, नाक धरून तोंड मिटून हळूच हवा दाबणं यातलं काहीतरी चालतं. जोर लावायचा नाही. झोपलेला माणूस गिळत नाही, तेव्हा त्याला आधी उठवावं. तान्ह्या बाळाला त्या वेळेला पाजावं. सर्दी जाम असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघावं.

सीटबद्दल मतं जितकी प्रवासी तितकी. धक्के पंखांच्या आसपास सगळ्यात कमी, शेपटीकडे जास्त, आणि आवाज मागेच जास्त. उन्हाचा विचार मात्र कुणी करत नाही. सकाळी मुंबईहून दिल्लीला जाताना सूर्य उजवीकडे असतो, तेव्हा ए सीट, म्हणजे डावी खिडकी घ्यावी. संध्याकाळी उलट, एफ, म्हणजे उजवी. नागपूरकडे पूर्वेला जाताना हिवाळ्यात ऊन उजवीकडे दक्षिणेहून येतं, तेव्हाही ए बरी. आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरतात, पण तिच्या पुढच्या रांगेची पाठ बऱ्याचदा मागे जात नाही. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासाला पायांत गुडघ्याखालचे दाबाचे मोजे, 15 ते 20 एमएमएचजीचे (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला दाब), सकाळी पाय सुजायच्या आत घोटा आणि पोटरी मोजून घेतलेले. मधुमेह किंवा पायातल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

ठाण्याहून निघताना मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनला पोचायला लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, आणि मेट्रो तीनने पुढचंच स्टेशन. ट्रॉलीसकट हे जमतं, मात्र सकाळी आठ ते अकराच्या लोकलमध्ये नाही. त्या वेळेला गाडी, ईस्टर्न एक्सप्रेसने कांजूरमार्गपर्यंत आणि पुढे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवून. मरोळ नाक्याला वरच्या मेट्रोतून जमिनीखालच्या मेट्रोत उतरायचं असतं. सरकत्या जिन्यावर बॅग एक पायरी पुढे नव्हे, मागे ठेवा आणि दांडा आत दाबून बाजूची मूठ धरा. तिकिटावर विमानतळाचा कोड वाचायची सवय आता हवीच: बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे उलव्याकडचा नवी मुंबई, जिथून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडताहेत. दोन्ही ‘मुंबई’ म्हणूनच शोधात दिसतात, आणि चुकलात तर एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्यात विमान जातं. बीओएममध्येही टर्मिनल एक की दोन ते पाहावं. चुकलंच तर मेट्रो तीनवर दोघांमध्ये फक्त सहार रोड हे एक स्टेशन आहे. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारी सोय, वापरणार असाल तर तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळवून घ्या. आडनाव आधी की नंतर, यावरही अडतं. देशांतर्गत विमानाला काउंटर साधारण 60 मिनिटं आधी आणि गेट 25 मिनिटं आधी बंद होतं, हे ट्रॅफिकला ठाऊक नसतं.

ही बॅग परत घेणार का? चार चाकांची नाही. ठाण्यात राहून लोकलने विमानतळ गाठायचा असेल तर मोठ्या दोन चाकांची, कापडी, दोन किलोच्या आतली बॅग जास्त शहाणपणाची; गाडीने दारापासून दारापर्यंत जाणाऱ्यांना ही कडक बॅग चालेल. दुकानात गेलात तर टेप आणि हूकचा काटा सोबत न्या. चाकांसकट उंची मोजा, रिकामं वजन बघा, मग बॅग उलटी करून चाकाचं घर तपासा. स्क्रूने बसवलेलं असेल तर बॅग दुरुस्तीवाला अर्ध्या तासात नवीन बसवून देतो. रिव्हेट ठोकलेलं असेल तर ड्रिलने फोडावं लागतं आणि कवचाला तडा जायचा धोका असतो.