आधी बनवू की आधी विकू? एकट्या डेव्हलपरसाठी, सगळं करून पाहिल्यावर

मागच्या महिन्यात नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाता खाता एका ओळखीच्या पोरानं विचारलं, भाऊ, नोकरी सोडून स्वतःचं प्रॉडक्ट करून राहिलो, तर दिवसातला किती वेळ कोडला देऊ अन् किती मार्केटिंगला? मी फिफ्टी-फिफ्टी म्हणून मोकळा झालो. घरी येऊन आठवलं की फिफ्टी-फिफ्टीवर आपण स्वतः दोन महिने पण टिकलो नव्हतो. म्हणून आता नीट लिहितो.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे तुलना कशावरून करतोय ते कळेल. मेसवाल्यांसाठी हिशोबाचं ॲप आहे. कोण किती दिवस जेवला, किती खाडे झाले, ॲडव्हान्स किती, बाकी किती, बस. कोड, डिझाइन, फोन उचलणं, पैसे मागणं, सगळं मीच.

पहिली पद्धत म्हणजे आधी पूर्ण बनवायचं मग विकायचं. आपल्यासारख्यांना हीच आवडते कारण यात कोणी नाही म्हणत नाही. मी 8 महिने हेच केलं, दोन शाखांचा हिशोब, पीडीएफ रिपोर्ट, डार्क मोड, सगळं घातलं, आणि मग प्ले स्टोअरला गेलो. तिथे 25 डॉलर एकदाच भरायचे ते ठीक आहे, पण नवीन पर्सनल अकाउंट असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये, म्हणजे फक्त निवडक लोकांनी ॲप वापरून बघायच्या चाचणीत, असावे लागतात. मी तर 8 महिने कोणाला काही सांगितलंच नव्हतं. मावसभाऊ, त्याची बायको, जुन्या ऑफिसचे चार जण असे करत करत 12 जमवले, त्यातला एकही मेसवाला नाही. पहिली खरी मेस म्हणजे नंदनवनातल्या एक काकू. त्यांनी कणकेचा हात पदराला पुसला, मोबाइल घेतला, दोन मिनिटं वरखाली केलं आणि म्हणाल्या, "बेटा, यात खाडा कुठं मांडू?" खाडा तिसऱ्या स्क्रीनवर होता. त्यांच्या रजिस्टरात तीच एक फुली होती, रोज रात्री मारायची, आणि तेही आदल्या रात्री सांगितलं असेल तरच, सकाळी सांगितलेला खाडा त्या धरत नाहीत. हा नियम माझ्या ॲपमध्ये नव्हताच. डार्क मोड होता.

तरी ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही. पैशाचे व्यवहार, आरोग्याची माहिती, दुसऱ्यांच्या कोडमध्ये बसणारी लायब्ररी असं काही बनवत असाल तर अर्धवट माल लोकांपुढे नेऊ नका, एकदा भरवसा गेला की गेला. पण मेसच्या हिशोबासारखी गोष्ट असेल तर 8 महिने म्हणजे शुद्ध लपून बसणं.

दुसरी, रोज अर्धा-अर्धा. सकाळी कोड, दुपारी विक्री, कागदावर एकदम झकास दिसतं. माझी अडचण अशी झाली की मेसवाले 11 ते 2 बोलत नाहीत, 7 नंतर बोलत नाहीत, फक्त साडेतीन ते साडेपाच मोकळे असतात, म्हणजे दिवसाचा बरोबर मधला भाग जातो. एक दिवस बाकीची रक्कम एका रुपयानं चुकत होती, शोधत शोधत जवळ आलो तेवढ्यात तीन वाजले, गाडी काढली, प्रतापनगरला दोन ठिकाणी गेलो, एकानं उद्या या म्हटलं, दुसऱ्यानं चहा पाजला अन् उद्या या म्हटलं, सहाला परत आलो तर आपण काय शोधत होतो तेच डोक्यातून गेलेलं. असे बरेच दिवस गेले. दोन्ही कामं होत होती आणि दोन्ही पुढं सरकत नव्हती.

पण ज्यांची विक्री टेबलावर बसूनच होते, म्हणजे ब्राउजरचं एक्स्टेन्शन, प्लगइन, बाहेरच्या देशातले ग्राहक, त्यांना हीच पद्धत सगळ्यात बरी असं मला वाटतं. सर्चमधून लोक यायला महिने लागतात, त्यामुळे लेख, व्हिडिओ, प्रश्नांना उत्तरं हे रोज थोडं थोडं आणि कोडच्या पहिल्या दिवसापासून सुरू केलेलं चांगलं.

तिसरी, पाळीपाळीनं. दोन आठवडे फक्त बनवायचं, दोन आठवडे फक्त फिरायचं. मी आता यावर आहे. फिरण्याच्या आठवड्यात लॅपटॉप उघडायचाच नाही असं नाही, ॲप बंद पडलं तर बघावंच लागतं, पण नवीन फीचर हातात घ्यायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. यात एक गोष्ट आपोआप होते, पाच मेसवाल्यांनी एकच गोष्ट मागितली की वहीत ती पाचदा दिसते, आणि एकानंच मागितली असेल तर दोन आठवड्यांनी तिची गरज कोणालाच आठवत नाही. तोटा असा की बनवण्याच्या आठवड्यात ओळखी थंड पडतात, म्हणून त्या दिवसांतही संध्याकाळी एक तास फोनसाठी ठेवावाच लागतो. तो तास मी दोनदा बुडवला आणि दोन्ही वेळा तयार झालेला माणूस परत रजिस्टरवर गेला.

चौथी, मार्केटिंग दुसऱ्याला देऊन टाकणं. एका एजन्सीला 15 हजार दिले. जाहिरात चालली, मेसेज पण धडाधड आले, "मेस पाहिजे, मेडिकल चौकाजवळ, महिन्याचे किती?" जेवणारे आले, जेवू घालणारा एक पण नाही. पहिले 20-25 ग्राहक स्वतः आणल्याशिवाय दुसऱ्याला काय सांगायचं हेच आपल्याला माहीत नसतं, तोवर हा खर्च करू नका, यावर माझं मत पक्कं आहे.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर पण फार विसंबू नका, एका लिस्टमध्ये 256 जणांपर्यंतच घेता येतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. मेसवाला नंबर कधी सेव्ह करतो? समोर बसून त्याच्या फोनमध्ये आपणच टाकला तर.

तर तुम्ही ठरवत असाल तर आधी एवढंच बघा की तुमचा ग्राहक कुठं बसतो. स्क्रीनसमोर बसत असेल तर रोज अर्धा-अर्धा, गल्लीत बसत असेल तर पाळीपाळीनं, आणि नोकरी चालू असेल तर आठवड्याचे दिवस कोड अन् शनिवार पूर्ण बाहेर. आणि पाळी कॅलेंडर बघून ठरवा. नागपुरात मे महिन्यात पोरं गावाला जातात, मेस रिकाम्या, आणि चार वाजताचं ऊन 45 डिग्रीला टेकलेलं असताना दारोदार फिरलो तर मेसवाला आधी पाणीच देईल, ऑर्डर नाही. ते दिवस कूलरसमोर बसून कोड करायचे. कॉलेजं सुरू व्हायच्या आसपास नवीन पोरं येतात, रजिस्टर नवीन चालू होतं, तेव्हा कोडला हात न लावता आठवड्याचे पाच दिवस बाहेर. नवीन पान सुरू व्हायच्या आधी पोचलो तर काम होतं, पाच नावं लिहून झाल्यावर पोचलो तर "आता पुढच्या वर्षी बघू."

मी सध्या कूलरसमोर आहे. खाड्याचं बटण पहिल्या स्क्रीनवर आणलं, आदल्या रात्रीचा नियम पण घातला. काकू म्हणाल्या अजून मोठं कर, चष्मा लावायला वेळ नसतो. ते झालं की वानाडोंगरीतल्या मेसची यादी काढायची आहे.