भंगारवाल्यापेक्षा पैसे कमी मिळाले तरी पुढच्या वेळी ह्यांनाच बोलावणार

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) जॉबवर्कचं युनिट आहे, मी स्टोअर बघतो. जुन्या बॅटऱ्या आणि तेलकट कचरा उचलून नेणाऱ्या ह्या सर्व्हिसवाल्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय, आपल्यासारख्या लहान वर्कशॉपवाल्यांना उपयोग होईल.

आधी आमचं काय चालायचं ते सांगतो. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या संपल्या की भंगारवाला यायचा, आणि तो पहिलीच अट घालायचा की पाणी काढून द्या, वजन कोरडंच धरणार. मग हेल्पर पोरं कंपाउंडच्या मागे नेऊन बॅटरी आडवी करायची आणि सगळं अॅसिड तिथेच मातीत. हे आम्ही वर्षानुवर्षं केलं, त्या जागेवर आजही पावसाळ्यात गवत उगवत नाही. ते नुसतं अॅसिड नसतं, त्यात शिसंही असतं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एका पोराच्या पॅन्टला भोकं पडली होती, तेव्हा सगळ्यांनी पॅन्टच बघितली, त्याचे हात कोणी बघितले नाहीत. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

ह्यांनी फोनवरच सांगितलं, पाणी अजिबात काढू नका, झाकणं घट्ट लावा, बॅटरी उभीच ठेवा, खाली प्लास्टिकचा ट्रे द्या आणि टर्मिनलवर टेप मारा. गाडीतून आलेली माणसं हातमोजे आणि गॉगल घालून होती, मोठे प्लास्टिकचे क्रेट आणले होते, एक बॅटरी जवळपास पंचावन्न किलोची, ती दोघांनी मिळून उचलली, कुठेही आपटाआपटी नाही. एक बॅटरी आधीच तडकलेली होती तर त्यावर आणि खाली सांडलेल्यावर खायचा सोडा टाकला, फेस यायचा थांबेपर्यंत टाकत राहिले आणि मगच पुसलं. वजन आमच्यासमोर केलं, आणि पावतीवर ज्या रिसायकलरकडे माल जाणार त्याचा रजिस्ट्रेशन नंबर होता, तो मी सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर टाकून बघितला, बरोबर निघाला. तुम्हीही हे करा, पाच मिनिटं लागतात. 2022 च्या बॅटरी वेस्ट नियमांप्रमाणे जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देणं हे वापरणाऱ्याचंही काम आहे, फक्त बनवणाऱ्या कंपनीचं नाही.

पैसे म्हणाल तर भंगारवाल्यापेक्षा एका बॅटरीमागे साधारण दोनशे रुपये कमी मिळाले. आमच्या शेठना ते पटत नव्हतं. मी त्यांना एवढंच विचारलं की तो भंगारवाला बॅटरी नेतो कुठे? कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये फोडून भट्टीत शिसं वितळवतात आणि शेजारी वस्ती असते. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ ह्या संस्थेचा रिपोर्ट आला होता, त्यात भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं जास्त असल्याचा अंदाज होता आणि अशा भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण सांगितलं होतं. शेठना दोन नातवंडं आहेत, ते गप्प झाले आणि हो म्हणाले.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे जाण्याआधी ह्या सर्व्हिसवाल्यांच्या सुपरवायझरनी आमच्या पोरांना अर्धा तास समजावून सांगितलं, तेही मराठीत, आमच्याच मशीनसमोर उभं राहून. कॉर्डलेस ड्रिलची फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, भोक पाडायचं नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून शेडच्या बाहेर. सीएनसीच्या मेमरी बॅकअपचे जुने सेल आम्ही बिनधास्त ड्रॉवरमध्ये बोल्ट-नटांबरोबर टाकायचो, त्यांनी दाखवलं की लोखंड टेकून दोन टोकं जोडली गेली तर तिथल्या तिथे गरम होऊन पेटू शकतात, म्हणून प्रत्येक सेलला वेगळी टेप. अॅसिड डोळ्यात गेलं तर नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा, मग लगेच डॉक्टर. आणि चहाआधी हात साबणाने धुवायचे, कामाचे कपडे घरी घालून जायचे नाहीत, कारण शिशाची धूळ पोराबाळांपर्यंत जाते. हे आम्हाला इतक्या वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं!

वापरलेलं ऑइल आणि तेलकट कॉटन वेस्ट पण ह्यांनीच नेलं, त्यासाठी किलोमागे पैसे द्यावे लागतात हे लक्षात ठेवा. त्याचं मॅनिफेस्ट (माल कोणी दिला, कोणी नेला, कुठे पोचला ह्याचा कागद) म्हणजे फॉर्म 10 व्यवस्थित भरून दिला. पिवळी प्रत आपल्याकडे राहते आणि माल पोचल्यावर निळी प्रत परत यायला हवी, ती आल्याशिवाय फाइल बंद करू नका. साधारणपणे हा माल 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि 30 जूनपर्यंत ह्या कचऱ्याचा वर्षाचा रिटर्न पण प्रदूषण मंडळाकडे भरायचा असतो.

आता तक्रारी. गाडी सांगितलेल्या दिवसापेक्षा बारा दिवस उशिरा आली, दोनदा गुरुवार सांगितला, अहो गुरुवारी इकडे सुट्टी असते, गेट कोण उघडणार? निळी प्रत चार फोन केल्यावर आली. एवढं चांगलं काम करणाऱ्यांनी हे सुधारायलाच पाहिजे, नाहीतर लोक कंटाळून परत भंगारवाल्याला फोन करतील. त्यासाठी एक स्टार कापला, पाचपैकी चार.

फुटलेल्या-जुन्या ट्यूबलाइट ह्यांनी नेल्या नाहीत, त्यात पारा असतो आणि त्या ई-वेस्टमध्ये येतात म्हणाले. अख्ख्या ट्यूब सध्या त्यांच्याच खोक्यात उभ्या करून ठेवल्यात, फुटलेल्यांचे तुकडे झाकणाच्या डब्यात. भोसरी-चाकण भागात थोड्या संख्येच्या ट्यूब घेणारं रजिस्टर्ड कोणी माहीत असेल तर खाली नक्की सांगा.