खाणीजवळच्या विहिरींची पाणी तपासणी : साताऱ्यातील एका प्रयोगशाळेच्या सेवेचा अनुभव

कोरेगाव तालुक्यातील आमच्या शिवारालगत खडीची खाण आणि क्रशर सुरू झाल्यापासून विहिरींच्या पाण्याविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या, पण हातात आकडे नसल्याने त्या तोंडीच राहिल्या. म्हणून आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून सातारा शहरातील एका मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडून पाण्याची नियमित तपासणी करून घेतली.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की एकाच विहिरीचा एकच नमुना तपासून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट सांगितले. खाणीच्या उताराकडील विहिरीबरोबर चढाकडील एक विहीरही त्यांनी निवडायला लावली. कारण सुरुंगाच्या दारूतील अमोनियम नायट्रेटमुळे पाण्यात नायट्रेट येऊ शकते, तसेच ते उसाला दिलेल्या युरियातून आणि गोठ्याच्या सांडपाण्यातूनही येते, आणि दोन्ही विहिरींत ते सारखेच वाढलेले दिसले तर केवळ खाणीकडे बोट दाखवता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरातून वाहत असल्याने जवळची विहीर निवळ आणि लांबची गढूळ असेही घडते. खाण सुरू होण्यापूर्वीचा नमुना आमच्याकडे नव्हता, ही उणीव मात्र आता कशानेही भरून निघणार नाही. ज्या गावांत खाणपट्ट्याचा प्रस्ताव नुकताच आला आहे, त्यांनी पहिली तपासणी आजच करावी.

नमुने घेण्याची त्यांची पद्धत काटेकोर आहे. गढूळपणा विहिरीवरच मोजला जातो, जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी साताऱ्याला नेली जाते. पाण्याची पातळीही त्याच वेळी नोंदवली जाते, हे मला विशेष आवडले.

अहवालाबाबत मात्र माझी तक्रार आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, तर दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तेव्हा २००० पर्यंत मुभा आहे, गढूळपणासाठी हेच आकडे १ आणि ५ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) असे आहेत. अहवालात नुसते ‘मर्यादेत’ असे लिहिल्याने यांतील कोणती मर्यादा, हे सामान्य माणसाला कळत नाही. नायट्रेटची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा तर कोणत्याही कारणाने शिथिल होत नाही आणि पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, आणि ते तान्ह्या बाळांना विशेष घातक असल्याने हे अशा घरांसाठी अहवालात ठळकपणे छापले पाहिजे.

ग्रामपंचायतीकडील तपासणी संच रोजच्या पाहणीसाठी उपयोगी आहे. परंतु त्यात डोळ्यांनी रंग जुळवून अंदाज घ्यायचा असल्याने दोन हंगामांतील बारीक फरक पकडण्यासाठी मी प्रयोगशाळेचाच आग्रह धरीन.