१२ बोअरच्या बंदुकीचं सफाई किट: पॉलिश करून आलेल्या दुनळीवर वापरून पाहिलं

किट घेण्यासारखं आहे, पण त्यातली अ‍ॅल्युमिनियमची काठी पॉलिश होऊन आलेल्या नळीत घालू नका. हे आधी सांगून टाकतो.

मी वेंगुर्ल्याजवळचा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं फिटर होतो. आता भात, काजू आणि थोडे माड बघतो. वडिलांची १२ बोअरची दुनळी बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे आली. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, त्यांना हुसकवायला ती लागते. २०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत ती जमा केली होती. परत आणली तेव्हा पाऊस लागला होता आणि दोन्ही नळ्यांत गंजाचे ठिपके धरले होते. आमच्याकडच्या खाऱ्या हवेला तेवढा वेळ पुरतो.

मग परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून नळ्या आतून पॉलिश करून घेतल्या. शेजारी उजेडाकडे धरून म्हणाला, "तात्यानू, नळी आरश्यासारकी चकाकता!" चकाकत होती खरीच. पण पांढरी चिंधी फिरवली तर ती शिशाच्या पेन्सिलीसारखी करडी होऊन बाहेर आली, आणि चिमटीत चोळली तर कचकच लागली. इंजिनाचे व्हॉल्व पेस्ट लावून घासल्यावर ते धुतल्याशिवाय बसवायचे नाहीत, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. ती पेस्ट आत राहिली तर इंजिन चालू झाल्यावरही घासतच राहते. बंदुकीलाही तोच न्याय. वरून तेल सोडलं की कीस, म्हणजे घासून निघालेलं पोलाद आणि पॉलिशचे कण, निघत नाही. तेल आणि कीस मिळून नवी पेस्ट तयार होते.

म्हणून हे किट मागवलं, साडेआठशे रुपयांना. तीन तुकड्यांची काठी, पितळी तारांचा ब्रश, नायलॉनचा ब्रश, लोकरीचा बोळा आणि चिंधी अडकवायचं टोक. डब्यावर कंपनीचं नाव नाही.

पितळी ब्रश चांगला निघाला. १२ बोअरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची, तिच्यात तो घट्ट बसतो, आणि पोलादापेक्षा पितळ मऊ म्हणून नळीला इजा करत नाही. लोकरीचा बोळा मात्र पहिल्या दिवशी वापरू नका. त्याच्यात कण अडकले की धुऊनही निघत नाहीत. तो शेवटी तेलाचा हात फिरवायला ठेवा.

आता ती काठी. अ‍ॅल्युमिनियम इतकं मऊ असतं की पॉलिशचे कठीण कण त्याच्यात रुततात. मग ती काठी म्हणजे कानसच, दर फेरीला नळीच्या अंगाला घासणारी. शिवाय दोन फेऱ्यांत तिचे आटे सैल होतात आणि सांध्याची कडा वर येते. मी सुताराकडून सागाची एकसंध काठी करून घेतली, टोकाला किटचाच आट्याचा तुकडा बसवला. किटमधली सर्वात मोठी उणीव हीच.

काम असं केलं. काडतुसाची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, बोटाने चाचपलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या. पडवीत, चुलीपासून लांब, टर्पेंटाईनमध्ये चिंधी भिजवून काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे सरळ ढकलली आणि तोंडाशी काढून घेतली. मागे ओढली नाही, कारण ओढली तर निघालेला कीस पुन्हा आत येतो. तोंडाजवळ चोक असतो, म्हणजे नळी तिथे मुद्दाम अरुंद केलेली असते. फुल चोकला ती जवळजवळ एक मिलिमीटर अरुंद होते, आणि किसाचा चिखल तिथेच अडतो. तिथे ब्रश जास्त वेळ फिरवावा लागला. जुन्या धोतराच्या बावीस चिंध्या लागल्या. चौदावी अजून करडी होती.

खाली गळलेलं टर्पेंटाईन ताटलीत धरलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्यात फिरवलं तर पोलादाचा कीस केसांसारखा उभा राहिला. पण पॉलिशचे खडे चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून चुंबक कोरडं आलं की नळी स्वच्छ झाली असं समजू नका. मी शेवटची चिंधी काचेच्या तुकड्यावर घासून पाहिली. खरखर आली नाही, तेव्हा थांबलो.

कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह आवरा. ती सगळा कीस फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या टोपीवर आपटून बार काढणाऱ्या कांडीच्या) भोकांत आणि आतल्या यंत्रात ढकलते. खोबरेलही लावू नका, आमच्या गावात अजून लावतात. ते २४-२५ अंशांखाली थिजतं, जुनं झालं की चिकट होतं. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला उत्तम, नावाचा अर्थच तो आहे, पण त्याच्यावर पावसाळा काढता येत नाही. मी बंदुकीचं पातळ तेल बोळ्याने लावलं. बार काढण्याआधी ते कोरड्या चिंधीने पुसून घ्यायचं.

किट जिथे संपतं ती जागा म्हणजे आतलं यंत्र. डाव्या पिनच्या भोकाशी मला काळी चिकट रेघ दिसत होती. तिथे कीस अडकून पिन पुढे आलेलीच राहिली, तर बंदूक मिटताना ती काडतुसाच्या टोपीवर आपटू शकते आणि चापाला हात न लावता बार होऊ शकतो. तिथले स्क्रू मी उघडले नाहीत. दुसऱ्या परवानाधारक कारागिराकडे नेली आणि माझ्यासमोर उघडायला लावली. त्याने पिन काढून भोक धुतलं आणि निघालेला कीस कागदावर ठेवून दाखवला. चिमूटभर मिठाइतका होता. पिन पुन्हा बसवून त्याने ती बोटाने दाबली, सोडली. ती आपसूक मागे गेली. तसं त्याने दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा केलं, तेव्हा मी पैसे काढले.

किटला पाचपैकी तीन. काठी लाकडाची दिली असती तर चार दिले असते.